हात शेवेकडे गेला की कापायचं

गेल्या वर्षी आमच्या इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या एका कोचिंगवाल्याने मला व्याख्यानाला बोलावलं. आधी तो बँकेच्या परीक्षांची तयारी करून घ्यायचा, आता त्याने फिल्म एडिटिंगचाही कोर्स काढलाय. विषय दिला होता ‘संकलनातील लयीची जाण कशी विकसित करावी’. मी फोनवरच सांगितलं, की बाबा रे, मी आयुष्यात एकही चित्रपट संकलित केलेला नाही, मी लग्नं कापली. तो म्हणाला, “मॅडमजी, चलेगा.” इंदुरात काहीही चालतं, हे एकदा कळलं की माणूस सुखी होतो.

जाताना मी लौंगवाली, म्हणजे लवंगेची, शेव घेऊन गेले. पुढच्या बाकावरच्या पोरांना म्हटलं, तुम्ही शेव खात पडद्याकडे बघायचं. मागच्यांना म्हटलं, तुम्ही पडद्याकडे अजिबात न बघता यांच्या हातांकडे बघायचं. कोचिंगवाल्याला वाटलं, बाई जरा सरकल्या आहेत. त्याने हळूच विचारलं, “मॅडम, थिअरी कब शुरू होगी?” म्हटलं, भिया, हीच थिअरी. पोरांना थिअरी फार आवडली, पिशवी रिकामी करून त्यांनी आणखी मागितली.

ही युक्ती मला कशी सापडली आणि एकदाच, मोजून एकदाच, मी ती उलटी कशी वापरली, तेवढंच इथे सांगते. सबंध नोकरी सांगत बसले तर तुमचेच हात फराळाकडे जातील.

गोष्ट मिल बंद पडायच्या बेतात होती त्या काळातली. बाबा मिलमध्ये विणाई खात्यात होते. आधी रात्रपाळी गेली, मग दुपारची गेली, मग सकाळची पाळी चालू आहे असं म्हणायचं पण सूतच येत नाही, असं चाललेलं. बाबा डबा घेऊन जायचे आणि डबा खाऊन परत यायचे. मी बी.ए. होऊन घरात होते, म्हणजे आईच्या भाषेत ‘स्थळं बघून राहिली होती’. स्थळं मला बघून राहिली होती आणि पुढे सरकत होती, ते वेगळं. तेवढ्यात कळलं की कृष्णपुऱ्याला, छत्र्यांच्या म्हणजे राजांच्या समाध्यांच्या जवळ, बबलू भियाच्या व्हिडिओ स्टुडिओत मुलगी पाहिजे आहे. मुलगीच का, तर नवरीकडच्या बायका कॅसेट बनताना शेजारी बसायला यायच्या आणि बंद खोलीत त्यांना परका पुरुष नको असायचा. मी गेले आणि चिकटले.

बबलू भिया मनाने चांगला माणूस. देशात उदारीकरण आलं म्हटल्यावर त्याने दुकानाच्या पाटीवर ‘इंटरनॅशनल’ एवढा शब्द वाढवला. बाकी पंखा तोच, गळकं छत तेच. आमच्या कामाला तिथे कुणी एडिटिंग म्हणत नसे, ‘मिक्सिंग’ म्हणत. एका व्हीसीआरमध्ये शूटिंगची कॅसेट, दुसऱ्यात कोरी. पहिल्यावर बघत जायचं, हवं तेवढं दुसऱ्यावर उतरवायचं. मशीन बटण दाबल्यावर जरा उशिरा जागं व्हायचं, म्हणून हवी ती जागा येण्याआधीच अंगठा दाबायला लागे. आणि एकदा पुढे गेलात की मागे दुरुस्ती नाही. मध्येच एखादी आत्या घालायची राहिली, तर तिथून पुढचं सगळं लग्न पुन्हा लावायचं.

बबलू भियाचं लयीबद्दलचं मत साधं होतं. कॅसेट तीन घंट्यांची, तर लग्न तीन घंट्यांचं. कमी पडलं तर कमळातून नवरी काढायची, पानात नवरा घालायचा, दोघांना गरागरा फिरवायचं. फक्त मराठी लग्नांपुढे त्याने हात टेकले होते. एकदा मंगलाष्टकं बघता बघता म्हणाला, “शोभाजी, ये सावधान-सावधान कित्ती बार आता है? एक रक्खो, बाकी पे फूल गिरा दो.” मी समजावलं की प्रत्येक मंगलाष्टक वेगळ्या काकांचं किंवा मावसोबांचं असतं आणि हे लग्न आपल्या मंगलाष्टकासाठीच ठरलं होतं अशी प्रत्येकाची खात्री असते. त्याला ते लगेच पटलं. माणूस कापायचा नाही, हे त्याला धंद्यात आधीच कळलेलं होतं.

मला ते हातोदच्या एका पार्टीने शिकवलं. तिथल्या मंडीतले एक बडे व्यापारी भाच्याच्या लग्नाला जीपमधून उतरले आणि मांडवापर्यंत चालत गेले. कॅमेरा समोर आहे म्हटल्यावर ते असे चालले, की पाठीमागची वरात खोळंबली. मी नवी होते, हुशार होते. जीपमधून उतरताना एक तुकडा घेतला, खुर्चीत बसताना एक घेतला, मधलं सगळं उडवलं. मला वाटलं, काय छान झालंय. आठव्या-दहाव्या दिवशी ते दुकानात हजर. शांतपणे बसले, पाणी घेतलं आणि म्हणाले, “बेटा, मैं क्या वहाँ उड़ के पहुँचा?” गावात पोरं त्यांना बघून हात पसरून उडायला लागली होती म्हणे. बबलू भियाने मला डोळ्यांनीच सांगितलं आणि मी ते सगळं चालणं परत घातलं.

आता शेवेचं. आमच्याकडे रिवाज असा, की कॅसेट तयार झाली की पहिल्यांदा बघायला सगळं घर जमायचं. व्हीसीआर भाड्याने आमचाच जायचा, आणि तो जोडायला, बिघडला तर थोपटायला, मी जायची. पाहुणचार ठरलेला, ताटलीत शेव आणि परमल, म्हणजे आपले चुरमुरे. मला तर ते लग्न तोंडपाठ. कोण कुठे शिंकतं ते मला ठाऊक. म्हणून मी टीव्हीच्या बाजूला, टीव्हीकडे पाठ करून बसायची आणि घरच्यांची तोंडं बघत राहायची. तोंडं फसवतात हो. यजमानांच्या भीतीने माणसं हसरी राहतात. हात मात्र फसवत नाहीत. चित्र जिवंत असलं की हात ताटलीच्या वर अधांतरी थांबतो, शेव घ्यायची विसरतो. चित्र संपलं आणि तरी चालूच राहिलं, की हात खाली जातो. तो खाली जायच्या जराशी आधी कापायचं. एवढंच. मी दुकानात येऊन बटणावर अंगठा ठेवला की मला समोर हात दिसायला लागले. आणखी एक कळलं, की लग्न कुणी बघत नाही. जो तो स्वतःला शोधत असतो. स्वतः सापडला की माणूस खूश, मग बाकीच्यांचं काहीही होवो.

या विद्येवर माझं बरं चाललं होतं. शहरात नाव झालं, की शोभाताईंची कॅसेट बघताना चहा थंड होतो. बाबांनी मात्र माझं एकही काम पाहिलं नव्हतं. लोकांची लग्नं काय बघायची, म्हणायचे.

आणि मग आमच्याकडे नेताजींचं काम आलं.

नेताजी म्हणजे आमच्या भागातले पुढारी. मिलच्या गेटवर पूर्वी तेच मालकांच्या विरोधात भाषणं द्यायचे. वारं फिरलं तसे तेही फिरले. आता त्यांचं म्हणणं असं, की मिल म्हणजे जुना जमाना, कामगारांनी समझौता करून मोकळं व्हावं. समझौता काय, तर वस्तीच्या मैदानावर सभा घ्यायची, कामगारांनी हात वर करून सांगायचं की मिल बंद करायला आमची ना नाही. हात वर झाले की मिल कामगारांच्या मर्जीने बंद झाली असं लिहून घेणार, कामगारांचा कोर्टातला खटला तिथेच संपणार आणि जमीन मोकळी होणार. हात वर नाही झाले तर खटला चालू राहणार. वस्तीत निम्मे लोक इकडे, निम्मे तिकडे. बाबांचं काही ठरत नव्हतं. ते रोज संध्याकाळी नळावरून ऐकून यायचे आणि रोज त्यांचं मत बदलायचं.

मैदानात ओरडायला नेताजींचा घसा चालत नव्हता म्हणून, की नव्या जमान्याची हौस म्हणून, त्यांनी भाषण बंगल्यावर रेकॉर्ड केलं. सभेत आधी टीव्हीवर भाषण, मग हात वर. त्यांचे पीए दुबेजी कॅसेट घेऊन दुकानात आले आणि बजावून गेले, “साहब का एक शब्द भी नहीं कटना चाहिए.” मागे कुठल्याशा स्टुडिओने साहेबांचा हार घालतानाचा तुकडा कापला होता आणि त्याची पाटी उतरवली गेली होती. दुबेजी गेल्यावर बबलू भिया मला म्हणाला, सगळं ठेव पण बोर होऊ देऊ नको. काम जमलं तर मिलच्या सगळ्या वस्तीचं केबल त्याला मिळणार होतं. आणि आमच्या घरात तेव्हा चूल माझ्या पगारावर पेटत होती, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मी कॅसेट लावली. अरे देवा. साहेब एक वाक्य बोलायचे, खाकरायचे, कागद शोधायचे, दुबेजींकडे बघायचे, मग दुसरं वाक्य. मी शब्द सगळे ठेवले आणि मधल्या जागा गाळल्या. जिथे जोड दिसेल तिथे वर मिलची चिमणी टाकली, गुलाब टाकले, बागेतलं कारंजं टाकलं. दोन दिवस खपले. आणि तयार झाल्यावर पाहिलं तर मीच चरकले. माणूस असा बोलत होता की काय सांगू. अडखळणं नाही, शंका नाही. सगळं त्याला आधीच ठाऊक आहे आणि आपल्या भल्यासाठी तो सांगतोय, असं वाटत होतं. ऐकता ऐकता माझाच हात वर जायला आला होता.

त्या दिवशी जेवताना बाबांनी विचारलं, “कसा बोलतो गं?”

मी म्हणाले, “चांगला बोलतो.”

बाबांनी भात कालवला. मग म्हणाले, इतका ठासून बोलत असेल तर काही पाहून-सवरूनच बोलत असेल. करू म्हणाले हात वर, किती दिवस नुसते डबे न्यायचे. मी पटकन सांगितलं, बाबा, तो तसा बोलत नाही, मी कापलंय म्हणून तसा वाटतो. बाबा हसले. आयुष्य विणण्यात गेलेला माणूस. म्हणाले, “ठाण कापलं म्हणून कापड बदलतं का?” आणि हात धुवायला उठले.

 मिल कोण बंद करत होतं मला माहीत नाही, मालक, सरकार, जमाना, असतील सगळे. पण बाबांचा हात मी वर करत होते, आणि तेही त्यांना पत्ता न लागता. फार राग आला. कुणाचा म्हणाल तर स्वतःच्या हुशारीचा.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी कोरी कॅसेट घातली आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. चिमणी काढली, कारंजं बंद केलं. खाकरणं परत आलं, कागद परत आला. मनात म्हटलं, हातोदच्या शेठजींना उडवलं तर त्यांना राग आला, मग नेताजींना तरी का उडवायचं? चालू दे पायी. एक जागा तर अशी होती, की तिथे मला काही करायचीच गरज नव्हती. साहेब बोट वर करून विचारतात, “मैं पूछता हूँ, आपके बच्चों को काम कौन देगा?” आणि मग ग्लास उचलतात. आरामात पाणी पितात. मिशा पुसतात. कॅमेऱ्याच्या मागे दुबेजींकडे बघतात, दुबेजी काहीतरी खूण करतात, ती साहेबांना कळत नाही. मग कळते आणि ते म्हणतात, “हाँ. काम देगा बाज़ार. खुला बाज़ार.” पहिल्या खेपेला मी प्रश्नाला लागून उत्तर जोडलं होतं आणि ते काय दणदणीत वाटलं होतं. आता माझा अंगठा तिथे सवयीने बटणाकडे गेला. मी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

बबलू भियाने कॅसेट तपासली, पण तो नेहमीच पळवून तपासायचा. पळवलं की सगळीच माणसं चपळ दिसतात. “मस्त है,” म्हणाला आणि दुबेजींना फोन लावला.

सभा संध्याकाळी, उजेड असतानाच होती. चाळींच्या पुढच्या मैदानात टेबलावर मोठा टीव्ही, त्याचा आवाज भोंग्याला जोडलेला. नेताजींतर्फे प्रत्येकाच्या हातात शेव-परमलचा द्रोण. मशीन बघायला म्हणून मी होतेच. सवयीप्रमाणे टीव्हीच्या बाजूला, टीव्हीकडे पाठ करून बसले. समोर सगळी वस्ती आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेत बाबा.

सुरुवातीला सगळे सावरून बसले होते. साहेब खाकरले. एक-दोन हात द्रोणात गेले. साहेबांनी कागद शोधला, आणखी हात गेले. भोंग्यातून कागदाची फडफड आणि मैदानात शेवेची कुरकुर, एवढंच ऐकू येत होतं. इतक्या वर्षांत माझी कॅसेट एवढी पडलेली मी पाहिली नव्हती. खरं सांगते, तशाही स्थितीत मला माझ्या नावाची काळजी पडली. वाटलं, लोक म्हणतील शोभाताईंचा हात गेला.

मग ती जागा आली. “आपके बच्चों को काम कौन देगा?” आणि भोंगा गप्प. नुसता घोटांचा आवाज, घुटुक, घुटुक. समोरचे सगळे हात द्रोणाच्या वर थांबले. खरंच विचारलंय, असं वाटलं असावं त्यांना. पोरं घरोघरी बसलेलीच होती. मला त्या थांबलेल्या हातांकडे बघवेना. तेवढ्यात बाबा, फार मोठ्याने नाही, शेजाऱ्याला सांगावं तसे बोलले:

“पानी पी के बताएँगे.”

आधी त्यांची रांग हसली, मग मागची, मग मैदानच हसायला लागलं. त्या हसण्यातच साहेब म्हणाले, “काम देगा बाज़ार,” आणि पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. त्यानंतर साहेब जिथे जिथे थांबले तिथे तिथे कुणी ना कुणी काही ना काही पुरवलं. बायकासुद्धा सुटल्या होत्या.

भाषण संपल्यावर दुबेजींनी माइक घेतला. घाम पुसत म्हणाले, “जो भाई समझौते के साथ हैं, हाथ उठाएँ.” आणि सगळ्यांचे हात शेवेत गेले. पुढच्या रांगेतले दोघं-तिघं अर्धे हात उठवून बसले होते, त्यांनी मागे वळून पाहिलं आणि डोकं खाजवलं. दुबेजींनी पुन्हा विचारलं. लोक मन लावून खात होते. बाबा तर एकेक परमल वेचत होते.

दुसऱ्या दिवशी मी नोकरी गेलीच असं धरून दुकानात पाऊल टाकलं. बबलू भिया देवाला उदबत्ती लावत होता, ती विझत होती. दुपारी खुद्द नेताजी आले. सभेत नेमकं काय झालं ते दुबेजींनी त्यांना कसं सांगितलं कोण जाणे, कामगार भावुक झाले होते म्हणून हात उठले नाहीत, असं काहीसं सांगितलं असावं. साहेब म्हणाले, लावा बघू. सगळी कॅसेट एकटे बसून पाहिली, न हलता. पाण्याची जागा आली. साहेबही टीव्हीतल्या साहेबांबरोबर जरा पुढे झुकले आणि खूश झाले. उठताना माझ्याकडे वळून म्हणाले, “बहुत बढ़िया. पूरा आया हूँ मैं.” आणि दुबेजींना सांगितलं, आणखी कॉप्या काढून दुसऱ्या मिलच्या वस्त्यांतही दाखवा. त्या मी काढल्या, आनंदाने काढल्या. बबलू भियाला केबल मिळालं.

मिल काही उघडली नाही. हात वर न केल्याने मिल उघडतात असं असतं तर काय पाहिजे होतं. चिमणी पाडली, यंत्रं भंगारात गेली, आता तिथे फाटक आहे, चौकीदार आहे आणि आत कुठल्याशा परदेशी गावाचं नाव दिलेले फ्लॅट आहेत. खटला बाबांच्या मागेही चालत राहिला, आणि निकाल लागला तेव्हा बाबांच्या पैशांसाठी सही करायला आई गेली. पण ‘कामगारांच्या मर्जीने बंद’ असं आमच्या मिलबद्दल कुणाला लिहिता आलं नाही. बाबा गेले ते मिलचे कामगार म्हणूनच गेले. याचा काय उपयोग, असं माझा मुलगा विचारतो. मला त्याला नीट सांगता येत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

त्या सभेच्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. आम्ही घरी आलो, जेवलो. जेवण झाल्यावर बाबांनी तांब्यातलं पाणी भांड्यात ओतून घेतलं, पिऊन झाल्यावर भांडं खाली ठेवलं आणि मला म्हणाले, “म्हणजे आधी कापलं होतंस.”

मी मान हलवली.

“ती पाणी प्यायची जागा बरी ठेवलीस,” बाबा म्हणाले. “तिथे घाई केली असतीस, तर मी हात वर केला असता.”